कथेतली जादू तपासायची कशी: नोंदवहीपासून नियमापर्यंत

कॉलेजच्या प्रकल्पासाठी म्हणा, वाचनगटासाठी म्हणा, कथेतल्या जादूवर लिहायला बसणारे पुण्यात पुष्कळ आहेत आणि बहुतेकांच्या वहीत चूक एकच असते. पहिल्याच पानावर स्पष्टीकरण. मंत्र म्हणजे ध्वनिलहरी, शाप म्हणजे ऊर्जेची देवाणघेवाण, अस्त्र म्हणजे अणुबॉम्ब. त्या विद्येनं कथेत नेमकं काय केलं, कुणावर चालली, कुणावर चालली नाही, याची मात्र एक ओळ सापडत नाही. नियम शोधायचे असतील तर आधी घटना, मग अटी, मग नियम, आणि स्पष्टीकरण द्यावंसं वाटलंच तर सगळ्यात शेवटी.

उदाहरणं मी महाभारतातली आणि वेताळपंचविशीतली घेतली आहेत. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असली की लक्ष पद्धतीवर राहतं. कुणाच्या श्रद्धेचा इथे प्रश्न नाही. संहितेत काय लिहिलं आहे आणि त्यातून काय निघतं, एवढंच आपण पाहणार आहोत.

१. प्रश्न लहान करा

"या कथेत जादू कशी चालते?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण काहीही उत्तर दिलं तरी ते खपून जातं. एकच विद्या, एकच अस्त्र किंवा एकच शाप घ्या आणि प्रश्न असा विचारा की उत्तर चुकीचं ठरू शकेल. "संजीवनी विद्येला मृत शरीर अखंड लागतं का?" हा चांगला प्रश्न आहे. कथेतली एक घटना त्याचं उत्तर पाडू शकते. जे विधान कोणत्याही निरीक्षणानं खोटं ठरू शकत नाही ते शास्त्रीय नव्हे, असं विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यानं १९३४ साली मांडलं. "जादू गूढ असते" हे वाक्य त्या कसोटीवर पहिल्याच फेरीत बाद होतं.

तपासा: प्रश्नाचं "हो" असं उत्तर गृहीत धरा. कथेत काय सापडलं तर ते "नाही" होईल, हे एका वाक्यात लिहिता येतं का? येत नसेल तर प्रश्न अजून मोठा आहे.

सावधान: अभ्यास कथेतल्या जादूचा आहे. कुणा बाबाबुवांचे दावे, गावातली करणी-भानामतीची प्रकरणं या वहीत आणू नका. तिथे खरी माणसं भरडली जातात. महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो विषय पूर्णपणे वेगळा आहे.

२. कोणती संहिता, ते आधी ठरवा

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि पुढचं सगळं काम त्यामुळे डळमळतं. लहानपणी आजीकडून ऐकलेली गोष्ट, दूरदर्शनवर पाहिलेला प्रसंग आणि छापील अनुवाद यांची मनात एक गोधडी झालेली असते. नियम त्या गोधडीतून काढला तर तो कोणत्याच कथेचा राहत नाही.

पुण्यात राहणाऱ्याला याचा धडा घ्यायला लांब जावं लागत नाही. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून पाठ ठरवलेली आवृत्ती, १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पूर्ण केली. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं विचारात घेतली गेली. स्वीकारलेला पाठ वर, आणि गाळलेले किंवा वेगळे पाठ तळटिपांत व परिशिष्टांत. जादूच्या अभ्यासकाला या मांडणीचा थेट उपयोग होतो. द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा प्रसंग घ्या. आपल्या सगळ्यांच्या मनात तिनं कृष्णाचा धावा केला आणि वस्त्रं येत राहिली, असं पक्कं बसलेलं असतं. चिकित्सक आवृत्तीच्या स्वीकृत पाठात तो धावा नाही. वस्त्रामागून वस्त्र निघत राहतं, एवढंच आहे. म्हणजे एका संहितेत "हाक मारली म्हणून घडलं" अशी नोंद होईल, आणि दुसऱ्या संहितेत कारणाचा रकाना कोरा राहील. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत. दोन्ही एकाच तक्त्यात घातल्या की नियम बिघडला.

तेव्हा एक आवृत्ती निवडा आणि वहीच्या पहिल्या पानावर तिचं नाव, अनुवादक, प्रकाशन वर्ष लिहा. इतर आवृत्त्यांतले फरक वहीच्या मागच्या बाजूनं उतरवत जा. जुनी पुस्तकं लागली तर १८४८ पासून चालू असलेलं पुणे नगर वाचन मंदिर आहे, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे. नव्या कादंबरीवर काम करत असाल तर सोपं आहे: पहिली आवृत्ती की सुधारित, एवढं नोंदवा. लेखकानं मुलाखतीत सांगितलेले नियम मात्र संहितेत धरू नका. त्यांच्यासाठी वेगळं पान ठेवा.

३. वही आखा

अप्पा बळवंत चौकात हिशेबाची लांब, जाड पुठ्ठ्याची वही मिळते. ती आडवी धरून आखा. संगणकावर तक्ता करायला हरकत नाही, पण पहिली फेरी हातानं करावी असं माझं ठाम मत आहे. हातानं उतरवताना वाक्य पुरतं वाचावंच लागतं. रकाने असे ठेवा:

घटना क्रमांक आणि पान. कोणी केलं. कोणावर केलं. आधीची स्थिती. काय उच्चारलं किंवा काय केलं. परिणाम. किंमत. अट किंवा मर्यादा. साक्षीदार.

शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आहे. साक्षीदार तीन प्रकारचे असतात आणि त्यांना एकेक अक्षर पुरतं. "नि" म्हणजे निवेदकानं सांगितलं. "पा" म्हणजे एखाद्या पात्रानं सांगितलं, आणि पात्र खोटं बोलू शकतं, चुकू शकतं, फुशारकी मारू शकतं. "त" म्हणजे तुमचा तर्क. "त" वाल्या नोंदीवरून नियम काढायचा नाही. हे बंधन पाळलंत तर निम्म्या चुका आपोआप टळतात.

किंमत आणि अट या दोन रकान्यांची गल्लत फार होते. किंमत म्हणजे जादू मिळवताना किंवा वापरल्यावर जे जातं: आयुष्य, तप, रूप, स्मरण. अट म्हणजे जी आधी पुरी झाली नाही तर जादू चालतच नाही. कर्णाला इंद्रानं दिलेली शक्ती एकदाच वापरता येते, ही मर्यादा. तिच्या बदल्यात त्यानं कवचकुंडलं दिली, ही किंमत. शाप असेल तर उःशापासाठी आणखी एक रकाना वाढवा. आपल्याकडच्या कथांत शाप सुटण्याचा मार्ग बहुधा शापाबरोबरच सांगितलेला असतो आणि तो अटीच्या भाषेतच असतो.

घटनांना प्रकार द्यायचा असेल तर स्वतःची वर्गवारी रचण्याआधी लोककथांचा अभ्यासक स्टिथ थॉम्पसन याची कथाबीजांची सूची पाहा. १९३२ ते १९३६ या काळात ती प्रथम निघाली. तिच्यात "सी" विभाग निषेधांचा, "डी" जादूचा आणि "ई" मृतांचा आहे. मेलेलं माणूस परत उठणं "ई"मध्ये येतं. जादू म्हणून फक्त "डी" चाळणाऱ्याच्या हाती संजीवनी लागतच नाही.

४. घटना उतरवा, अर्थ लावू नका

कच-देवयानीची गोष्ट आदिपर्वात आहे. देवांचा पुरोहित बृहस्पती, असुरांचा शुक्राचार्य. युद्धात मेलेल्या असुरांना शुक्राचार्य संजीवनीनं उठवतात, बृहस्पतीला ती विद्या येत नाही. म्हणून त्याचा मुलगा कच शिष्य होऊन शुक्राचार्यांकडे येतो. आता नोंदी करू.

पहिली घटना: युद्धात पडलेले असुर पुन्हा उभे राहतात. कर्ता शुक्राचार्य. कुणी विनवणी केल्याचा उल्लेख नाही.

दुसरी: गाई राखणाऱ्या कचाला असुर मारतात, तुकडे करतात आणि लांडग्यांना खायला घालतात. गाई एकट्याच परत येतात. देवयानी वडिलांना गळ घालते. शुक्राचार्य "ये" म्हणून हाक मारतात. कच जिवंत होऊन समोर येतो.

तिसरी: शेवटच्या खेपेला असुर कचाला जाळतात, राख सुरेत मिसळतात आणि ती सुरा शुक्राचार्यांनाच पाजतात. देवयानी पुन्हा गळ घालते. हाक मारल्यावर कच आतून, गुरूच्या पोटातून उत्तर देतो. आपली स्मृती गेलेली नाही, काय आणि कसं घडलं ते सगळं आठवतं, असं तो सांगतो.

चौथी: कच बाहेर आला तर शुक्राचार्यांचं पोट फाटणार. म्हणून ते पोटातल्या कचाला विद्या शिकवतात. कच बाहेर येतो, गुरू मरतात, कच त्यांना उठवतो.

पाचवी: विद्या पूर्ण झाल्यावर देवयानी लग्नाचं विचारते. कच गुरुकन्या म्हणून नाकारतो. ती शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, मला नाही तर नाही, मी जिला किंवा ज्याला शिकवीन त्याला फळेल.

पाच नोंदी झाल्या आणि किंमतीचा रकाना पाचही ठिकाणी कोरा आहे. इथेच हात शिवशिवतो. "शक्ती खर्च होत असणार", "तप कमी होत असणार" असं लिहावंसं वाटतं. लिहू नका. संहितेत नाही ते वहीत नाही. कोरा रकाना हीसुद्धा माहितीच आहे: या विद्येवरचा लगाम खर्चाचा दिसत नाही. ती कुणाला येते, हाच लगाम आहे.

तपासा: प्रत्येक नोंदीवर बोट ठेवून पुस्तकातली ओळ दाखवता येते का? येत नसेल ती नोंद "त"मध्ये टाका.

५. फसलेली जादू वेगळी काढा

सफल झालेले मंत्र कितीही जमवले तरी अट कळत नाही, कारण सगळ्या अटी तिथे पुऱ्या झालेल्याच असतात. कोणती अट खरी आणि कोणती नुसतीच सोबत आलेली, हे मंत्र जिथे अडतो तिथे समजतं. म्हणून दुसऱ्या वाचनात फक्त अपयश शोधा: मंत्र म्हटला आणि काही झालं नाही, अर्धंच झालं, उलटं झालं, एकावर चाललं आणि शेजारच्यावर नाही.

द्रोणपर्वातलं नारायणास्त्र या कामासाठी नमुनेदार आहे. द्रोण पडल्यावर अश्वत्थामा ते सोडतो. कृष्ण पांडवसेनेला सांगतो, शस्त्रं खाली ठेवा, वाहनांवरून उतरा. सगळे तसं करतात आणि वाचतात. भीम ऐकत नाही, शस्त्र घेऊन पुढे होतो, आणि अस्त्राचा सगळा भडका त्याच्यावर येतो. शेवटी कृष्ण आणि अर्जुन त्याला ओढून रथाखाली उतरवतात, शस्त्र सोडायला लावतात, तेव्हा अस्त्र शांत होतं.

प्रयोगशाळेत याहून नेटकी मांडणी करता येणार नाही. रणभूमी तीच, अस्त्र तेच, सोडणारा तोच, वेळ तीच. फरक एकच: शस्त्र टाकून, वाहनावरून उतरून प्रतिकार सोडला आहे की नाही. शिवाय त्याच माणसाच्या बाबतीत ती एक गोष्ट बदलल्यावर परिणामही बदलला. म्हणून "हे अस्त्र प्रतिकार करणाऱ्यावर वाढतं" हा नियम आपण बऱ्यापैकी आत्मविश्वासानं मांडू शकतो. पुढे दुर्योधन अस्त्र पुन्हा सोडायला सांगतो आणि अश्वत्थामा म्हणतो की ते पुन्हा सोडता येत नाही, सोडणाऱ्यावरच उलटतं. ही नोंद मात्र "पा" आहे. तसं घडलेलं आपण पाहत नाही, त्याच्या शब्दावर विसंबतो. दोन नियम एकाच अस्त्राचे असले तरी त्यांचं वजन सारखं नाही, आणि लिहिताना तो फरक दिसला पाहिजे.

सावधान: एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या असतील तर त्या जोडीवरून अट काढू नका. कर्ता वेगळा आणि बळीही वेगळा, तर फरक कुणामुळे पडला हे सांगता येत नाही.

६. नियम मांडा, आणि कथानकाची गरज बाजूला काढा

संजीवनीच्या वहीकडे परत या. सगळ्यात फसवा नियम असा: "देवयानीनं विनवल्याशिवाय विद्या चालत नाही." दुसऱ्या आणि तिसऱ्या घटनेत ती विनवते, मग ती अट असावीशी वाटते. पण पहिली घटना बघा. असुर तिच्या विनवणीशिवाय उठतात. म्हणजे तिचा हट्ट शुक्राचार्यांना उठवतो, विद्येला नाही. विद्या केव्हाही चालली असती, गोष्ट पुढे जायला कुणीतरी शुक्राचार्यांना भाग पाडायला हवं होतं. प्रत्येक अटीला हाच प्रश्न विचारा: हे नसतं तर जादू अडली असती, की फक्त पात्र हललं नसतं?

आता उरतात ते नियम. शरीर अखंड लागत नाही, तुकडे आणि राख दोन्ही चालतात. उठलेल्याची स्मृती टिकते. विद्या वापरणं आणि विद्या शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण शापानं पहिली अडली आणि दुसरी शाबूत राहिली. स्वतः मेलेला विद्यावंत स्वतःला उठवू शकत नाही, हा चौथा. त्याचा आधार असा की शुक्राचार्यांना तसं जमत असतं तर शत्रूपक्षाच्या मुलाला विद्या देण्याची गरजच नव्हती. हा तर्क भक्कम आहे, तरी तर्कच आहे. म्हणून त्याला अजून नियम म्हणू नका, त्याच्यापुढे "त" लिहा आणि पुढच्या वाचनात पुरावा शोधा.

७. दुसऱ्या वाचकाकडून उतरवून घ्या

एकट्याची वही म्हणजे एकट्याचं मत. त्याच संहितेवर, त्याच रकान्यांत, तुमची वही न बघता दुसऱ्या कुणाला नोंदी करू द्या. मग जुळवा. मित्रमैत्रीण चालेल, पण काम चालू असताना चहाच्या टपरीवर त्याची चर्चा नको. चर्चा झाली की दोन वह्या एक होतात.

किती जुळलं हे टक्केवारीनं सांगणं अपुरं आहे, कारण काही नोंदी योगायोगानंही जुळतात. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यानं १९६० साली त्यासाठी कप्पा नावाचं माप दिलं. समजा ४० घटना आहेत आणि प्रश्न "किंमत आहे की नाही" एवढाच. १८ ठिकाणी दोघं "आहे" म्हणाले, १४ ठिकाणी दोघं "नाही", उरलेल्या ८ ठिकाणी मतभेद. प्रत्यक्ष जुळणी ३२ भागिले ४०, म्हणजे ०.८०. आता पहिल्यानं एकूण २३ वेळा "आहे" म्हटलं आणि दुसऱ्यानं २१ वेळा, तर योगायोगाची जुळणी (२३×२१ + १७×१९) भागिले १६००, म्हणजे सुमारे ०.५०. कप्पा = (०.८० − ०.५०) भागिले (१ − ०.५०) = ०.६०. ऐंशी टक्के ऐकायला छान वाटत होते, प्रत्यक्षात योगायोगापलीकडची वाट साठ टक्केच चालून झाली आहे. लँडिस आणि कॉख या संख्याशास्त्रज्ञांच्या १९७७ च्या श्रेणीत ही "मध्यम" आणि "भरीव" यांच्यामधली सीमा. त्या श्रेणीच्या रेषा सोयीसाठी आखलेल्या आहेत, हे त्यांनीच म्हटलं आहे. म्हणून नावापेक्षा आकडा द्या.

मतभेदाच्या ८ घटना काढून एकत्र बसा. बहुतेक वेळा वाचकाची चूक नसते, रकान्याची व्याख्या सैल असते. व्याख्या घट्ट करा आणि दोघांनी नव्यानं, वेगवेगळ्या नोंदी करा. मतभेद वाटाघाटीनं मिटवून आकडा वाढवू नका.

८. भाकीत करा, मग पान उलटा

नियम खरा असेल तर न वाचलेल्या भागात काय होईल ते तो सांगेल. म्हणून पुस्तक सुरू करतानाच शेवटचा तिसरा हिस्सा रबरबँड लावून बंद ठेवा. नियम लिहून झाले की भाकितं कागदावर लिहा, तारीख घाला, पाकीट बंद करा आणि मग वाचा.

वेताळपंचविशीवर हे कसं बसतं ते पाहा. वेताळाचे नियम दोन: राजा बोलला तर वेताळ झाडावर परत, उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शकलं. यातून चार शक्यता होतात. माहीत आहे आणि बोलला: वेताळ जातो. माहीत आहे आणि गप्प: डोकं फुटतं. माहीत नाही आणि गप्प: दोन्ही नियम लागू नाहीत, वेताळ खांद्यावरच. माहीत नाही आणि तरी बोलला: बोललाच आहे, तेव्हा वेताळ जावा. दोन-तीन गोष्टी वाचून हा तक्ता केला तर भाकीत एकच निघतं: फेऱ्या थांबतील त्या राजाला खरोखर न येणाऱ्या प्रश्नावर. आणि तसंच होतं. बाप मुलीशी आणि मुलगा तिच्या आईशी लग्न करतो, त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय, या प्रश्नावर राजा गप्प राहतो. चौथी शक्यता कथेत कधी तपासली जात नाही, म्हणून ती अहवालात "अपरीक्षित" म्हणून दाखवायची.

आधी वाचलेल्या कथेवर केलेलं भाकीत मोजू नका. ती आठवण असते. वर वेताळ घेतला तो फक्त तक्ता कसा मांडायचा हे दाखवायला.

९. न बसणाऱ्या घटना आणि अहवाल

दोन-चार घटना कोणत्याही नियमात बसणार नाहीत. त्यांच्याकडे या क्रमानं बघा: नोंद चुकली का, संहितेत पाठभेद आहे का, आणखी एखादी अट सुटली का. तिन्ही "नाही" असतील तरच लेखकाची विसंगती म्हणा. पहिल्याच झटक्यात "लेखक विसरला" म्हणणाऱ्याची सुटलेली अट कायमची सुटते. आणि अडचणीच्या प्रत्येक घटनेसाठी एकेक नवा अपवाद जोडू नका. घटनांइतकेच अपवाद झाले तर नियम उरला नाही असं समजून पायरी सहावर परत जा.

अहवालात संहिता, प्रश्न, रकान्यांच्या व्याख्या, नियम, कप्पा, भाकितं आणि त्यांचा निकाल या क्रमानं लिहा. प्रत्येक नियमाशेजारी घटनाक्रमांक आणि साक्षीदाराचं अक्षर द्या. चुकलेली भाकितंही द्या, बरोबर आलेल्यांच्या आधी. पूर्ण वही परिशिष्टात जोडा, म्हणजे कुणालाही तुमच्या नोंदींवरून तुमचा नियम पाडून दाखवता येईल. ऊर्जा, लहरी, अणू यांच्याबद्दल काही म्हणायचं असेल तर त्यासाठी परिशिष्टानंतरचं पान मोकळं आहे.